आखाजीची गाणी कॅसेटमधून संगणकात कशी आणावीत

खान्देशात जुनं घर उतरवायला घेतलं की माळ्यावरून ठरलेल्या वस्तू निघतात: पितळी घंगाळ, मोडका स्टोव्ह आणि बुटांच्या खोक्यात कोंबलेल्या कॅसेटी. घंगाळ एकतर मोडीत जातं, नाहीतर दिवाणखान्यात मिरवतं. कॅसेटींचं काय करायचं हे मात्र कोणाला सुचत नाही. टेप केव्हाच बंद पडलेला असतो आणि घरातल्या विशीतल्या पोरांनी प्लेचं बटण कधी दाबलेलंही नसतं. हा लेख त्या पोरांसाठी आहे. हार्मोनियम कोणत्या पट्टीची हे कळत नसलं तरी चालेल, हाताला थोडा धीर हवा.

ही कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात पहिल्यांदा मांडली. आत पाऊण बोटाएवढीही नाही, फक्त ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत असते आणि ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने टेपमधल्या हेडसमोरून सरकते; हेड म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग. आपल्याकडे तिचा सुळसुळाट झाला तो ऐंशीच्या दशकात, टी-सिरीजने स्वस्त कॅसेटी बाजारात ओतल्यावर. कापसाचे किंवा केळीचे पैसे आले की टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेला डबा, घरात यायचा. आणि टू-इन-वनमध्ये माइक असायचा. आपल्या कामाची गोष्ट हीच. रेडिओ आणि तबकडी नुसती ऐकायची. कॅसेटवर घरचा आवाज भरता यायचा. म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरींनी झोक्यावर म्हटलेली गाणी, श्रावणात कानबाई देवी बसते त्या रात्रीचं जागरण, लग्नातल्या हळदीचा गोंधळ, जात्यावर बसलेल्या आजीच्या ओव्या असं बरंच काही या खोक्यांत पडून आहे. फिल्मी गाणी मोबाइलवर हवी तेव्हा मिळतात. आजीच्या ओवीची प्रत जगात ही एवढीच.

त्यामुळे कामाचा क्रम उलटा ठेवायचा. जिच्यासाठी जीव तुटतोय ती कॅसेट सगळ्यात शेवटी टेपमध्ये घालायची. जुनी फीत कधीकधी एकदाच नीट वाजते, आणि ती एक वेळ तुमच्या शिकाऊपणात वाया जायला नको.

आधी निवडानिवड

खोकं अंगणात ओतू नका. सावलीत, स्वच्छ चादरीवर मांडा आणि तीन ढीग करा. पहिला फिल्मी गाण्यांचा. यावर हात साफ करायचा. दुसरा अहिराणी गाण्यांच्या, तमाशातल्या वगांच्या, भजनी मंडळांच्या छापील कॅसेटींचा. या लहान लहान कंपन्यांनी थोड्या प्रती काढलेल्या असतात आणि त्यातलं बरंच इंटरनेटवर सापडत नाही, तेव्हा शोध घेतल्याशिवाय फेकू नका. तिसरा ढीग घरी भरलेल्या कॅसेटींचा.

तिसरा ढीग ओळखायचा कसा? हाताने लिहिलेलं लेबल हा सोपा पुरावा. ‘कानबाईना गाना’ असं बॉलपेनने लिहिलेलं दिसलं की प्रश्न मिटला. पण लेबलावर भरवसा ठेवून चालत नाही. कॅसेटची फीत दिसते ती बाजू खाली धरा आणि वरच्या कडेला पाहा. दोन टोकांना दोन छोटे चौकोनी खाचे असतात. कोऱ्या कॅसेटमध्ये त्यांवर प्लास्टिकची पापुद्र्यासारखी जीभ असते. ती असली तर टेप त्यावर भरू देतो, तुटलेली असली तर रेकॉर्डिंगचं बटण खाली जातच नाही. कंपनीच्या गाण्यांच्या कॅसेटीत ही जीभ मुळातच नसते. आता एखाद्या फिल्मी कॅसेटच्या खाचेवर सेलोटेप चिकटवलेला दिसला, किंवा कागदाचा बोळा कोंबलेला दिसला, तर थांबा. कोणीतरी नवी कोरी कॅसेट आणायचे पैसे वाचवून त्या गाण्यांवर घरचं काहीतरी भरलंय. वरचं चित्र नायक-नायिकेचं, आत मामाचं लग्न. असल्या कॅसेटी फिल्मी समजून टाकून दिल्या जातात, म्हणून हा एवढा उजेडात धरून बघायचा खटाटोप.

सेलोटेप आणि बोळे काढून टाका. तिसऱ्या ढिगातल्या प्रत्येक कॅसेटच्या दोन्ही जिभा बारीक पेचकसाने मोडा. ज्या बाजूचं लेबल तुमच्याकडे आहे तिची जीभ डाव्या हाताला असते; पण इथे डावं-उजवं करत बसू नका, दोन्ही मोडा. चुकून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं गेलं तर तेवढा आवाज कायमचा गेला. तो परत आणायची युक्ती कोणाकडे नाही.

कॅसेटची तब्येत

कोकणातल्या कॅसेटींना बुरशी खाते, आपल्याकडच्यांना ऊन. पत्र्याच्या माळ्यावर मे महिन्यात काय तापतं ते सांगायला नको. बाहेरच जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा उन्हाळ्यांनी प्लास्टिकचं कवच वाकडं होतं, आणि फितीच्या मागे पितळी पट्टीवर बसवलेला नमद्याचा बारीक चौकोन डिंक सुटून गळून पडतो. तो चौकोन फितीला हेडवर दाबून धरतो. तो नसला की आवाज दबका येतो, मधूनच बुडतो, आणि माणसं म्हणतात कॅसेट खराब झाली. कॅसेट ठणठणीत असते, गादी पडलेली असते. धाब्याच्या घरातल्या, कोनाड्यात ठेवलेल्या कॅसेटी बहुधा चांगल्या निघतात.

खिडकीतून फितीच्या गुंडाळीची कड पाहा. ती सपाट, काळसर-तपकिरी दिसायला हवी. पांढुरकी भुकटी किंवा जाळीसारखे डाग दिसले तर ती बुरशी आहे. पांझरेच्या किंवा गिरणेच्या पुराचं पाणी ज्या घरांत शिरलं तिथल्या कॅसेटींत गाळही सापडतो. अशी कॅसेट टेपमध्ये घालू नका, नाहीतर ती घाण टेपला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाईल. वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. आणि एक गोष्ट बजावून सांगतो: ओलसर वाटली म्हणून कॅसेट गच्चीवर उन्हात टाकू नका. पापड-कुरडया वाळवणाऱ्या आपल्या हाताला ती सवय असते. घरात सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात दोन-चार दिवस ठेवली तरी पुरे.

लेबलावर ६०, ९० असे आकडे असतात, ती दोन्ही बाजू मिळून मिनिटं. ६०ची फीत जाड असते, ९०ची पातळ, आणि १२०ची तर इतकी पातळ की मला तिला हात लावायलाही नको वाटतं. पातळ फीत ताणली जाते आणि पटकन अडकते, तिला सगळ्यात जपायचं.

कवच बदलणं

गादी पडलीय, कवच वाकलंय किंवा फीत वाजताना कुईकुई करतेय, या तिन्हींवर एकच उपाय: आतली फीत उचलून चांगल्या कवचात घालणं. ऐकायला शस्त्रक्रिया वाटते, पण पहिल्या ढिगातल्या दोन-तीन फिल्मी कॅसेटींवर करून बघितलं की हात बसतो.

दाता म्हणून पाच स्क्रू असलेली फिल्मी कॅसेट निवडा. स्क्रू नसलेल्या कॅसेटींची कवचं चिकटवलेली असतात. ती फक्त तोडूनच उघडतात. ए बाजू वर करून कॅसेट टेबलावर सपाट ठेवा, पाचही स्क्रू काढा आणि वरचं झाकण सरळ वर उचला. तिरपं उचललंत तर दोन्ही गुंडाळ्या झाकणाबरोबर वर येतात आणि नव्वद मीटर फीत मांडीवर पडते. उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा. आत काय दिसेल ते सांगतो. दोन पांढरी चाकं, त्यांवर फीत. खालच्या दोन कोपऱ्यांत दोन छोट्या चकत्या, त्यांना वळसा घालून फीत समोर येते. मध्ये पितळी पट्टी आणि तिच्यावर ती गादी, तिच्यामागे पत्र्याचा लहानसा तुकडा. गुंडाळ्यांच्या वर आणि खाली पातळ, गुळगुळीत कागद. हे कागद टाकून देऊ नका. त्यांच्यावरूनच गुंडाळी घसरत फिरते.

दात्याच्या कवचातली फीत काढून ठेवा. मग आजीच्या कॅसेटची दोन्ही चाकं एकाच वेळी, दोन्ही हातांच्या बोटांनी उचलून नव्या कवचात ठेवा आणि फीत चकत्यांवरून, गादीच्या पुढून ओवून घ्या. फितीची चकचकीत की मळकट बाजू बाहेर, असा गोंधळ झाला तर फोटो बघा. आवाज असलेली बाजू बाहेर, म्हणजे हेडकडे असते. झाकण ठेवा, स्क्रू हलक्या हाताने पिळा. फार आवळले तर चाकं जाम होतात. सहा कडांची पेन्सिल भोकात घालून फिरवा: न अडखळता फिरलं तर जमलं.

तुटलेली फीत जोडायला सेलोटेप वापरायचा मोह होतो. उन्हाळ्यात त्याचा डिंक पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. फितीसाठीची खास जोडपट्टी ऑनलाइन मिळते, ती मागवा. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून तिरपी कापा, टोकाला टोक भिडवा आणि पट्टी आतल्या बाजूने लावा, हेडला घासणाऱ्या बाजूने कधीच नाही.

टेप कोणता

बाजारात नवे, पुठ्ठ्याच्या खोक्यातले यूएसबीवाले कॅसेट प्लेयर मिळतात. हौसेने ऐकायला ठीक. त्यांची यंत्रणा हलकी असते, वेग डगमगतो आणि ओवीचा सूर लाटेसारखा वरखाली होतो. तिसऱ्या ढिगासाठी ते घेऊ नका. त्यापेक्षा नातेवाइकांत विचारा. कोणाकडे तरी डेक, म्हणजे स्पीकर नसलेला मोठा टेप, किंवा जुना टू-इन-वन कपड्यात गुंडाळून ठेवलेला सापडतोच. ज्या टेपवर ती गाणी भरली होती तोच घरात असेल तर उत्तम. त्याचं कारण पुढे येईल.

इतकी वर्षं पडून राहिलेल्या टेपचा पट्टा सैल झालेला असतो, नाहीतर वितळून डांबर झालेला. मोटर गुणगुणते पण चाक फिरत नाही, हे त्याचं लक्षण. तालुक्याच्या गावी अजून एखादा जुना रेडिओ-टेपवाला बसतो, तो पट्टा बदलून देईल. मापाचा पट्टा स्वतः मागवणार असाल तर जुन्याची लांबी आणि जाडी दोन्ही मोजा.

मग सफाई. हेड म्हणजे मधला चकचकीत धातूचा ठोकळा, त्याच्या बाजूला उभी पोलादी कांडी आणि तिच्यावर दाबून बसणारा काळा रबरी रोलर. मोबाइल दुरुस्तीवाले जे आयपीए वापरतात, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते घ्या. जळगावला गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मोबाइलचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. हाताला लावायचं सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. कान साफ करायची काडी त्यात बुडवून, थेंब झटकून हेडवर फिरवा. काडी तपकिरी होईल. ती स्वच्छ निघेपर्यंत काड्या बदलत राहा. कांडीवर आणि रोलरवरही तसंच. कापसाचा एखादा धागा मागे राहिला तर तो रोलरमध्ये गुंडाळला जातो, तेव्हा शेवटी टॉर्च मारून बघा. दर तीन-चार कॅसेटींनंतर पुन्हा पुसायचं. जुनी फीत भुकटी सोडत असते.

आता पाठ असलेल्या गाण्याची फिल्मी कॅसेट लावा. गाणं ओळखीच्या वेगाने येतंय का, की गायक अचानक पोरसवदा वाटतोय? टेप रीळ खातो का? दोन्ही बाजू पूर्ण वाजल्या आणि काही झालं नाही की मगच दुसऱ्या ढिगाकडे वळा.

हेडचा स्क्रू

या कामातला सगळ्यात मोठा फरक एका बारीक स्क्रूने पडतो आणि बहुतेक जण त्याला हात लावत नाहीत. हेड फितीला अगदी काटकोनात असावं लागतं. ज्या टेपवर भरलं त्याचं हेड केसभर तिरपं असेल तर आवाजही तितक्याच तिरपेपणाने फितीवर उमटतो, आणि तो दुसऱ्या टेपवर लावला की वरचा नाजूक आवाज गायब होतो. बाई घोंगडी पांघरून गातेय असं वाटतं. मूळ टेप असला तर हा प्रश्न येत नाही, म्हणून तो शोधायला सांगितलं.

हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. एक घट्ट बसवलेला आणि एकाखाली स्प्रिंग. स्प्रिंगवाल्याला हात लावायचा. कॅसेट वाजत असताना बारीक पेचकसाने तो अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांइतका, इकडे-तिकडे फिरवा. ऐकायचं काय? सूर नाही, शब्दही नाही. ‘स’ आणि ‘श’ ऐका. आखाजीच्या गाण्यांत टाळीबरोबर बांगड्या वाजतात, त्या ऐका. एका जागी त्या बांगड्या एकदम उघड्या होतात, काचेच्या आहेत की धातूच्या तेही कळतं. तिथे थांबा. पुढची कॅसेट दुसऱ्या घरची असेल तर पुन्हा जुळवा. दुसऱ्याचा टेप उसना आणला असेल तर मालकाला विचारून हे करा, आणि स्क्रूची मूळ जागा शाईने खूण करून ठेवा.

टेपवर खरखर कमी करणारं डॉल्बीचं बटण असेल तर घरी भरलेल्या कॅसेटींसाठी बंद ठेवा, आणि फितीचा प्रकार नॉर्मल.

संगणकाला जोडणी

डेकला मागे लाइन-आउट असतं, तिथून वायर काढा. टू-इन-वनला नसेल तर हेडफोनच्या भोकातून; आवाज मध्यम ठेवा, बास-ट्रेबल मध्यावर. लॅपटॉपचं एकुलतं भोक माइकसाठी असतं, त्यात घातलं तर आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. विकत घेताना ‘स्टीरिओ लाइन-इन’ आहे ना हे विचारा, स्वस्तातल्या बऱ्याच तुकड्यांत फक्त माइक असतो.

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. त्यात ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ अशी मापं ठेवा. सगळ्यात मोठ्या आवाजालाही पडद्यावरची आवाजाची पट्टी उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही असं बघा. हळदीच्या कॅसेटीत वाजंत्री अचानक येते, तिच्यासाठी जागा सोडा. घूंऽऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा तिथेच मिटतं. मोबाइल आणि लॅपटॉपवरचे सूचनांचे आवाज बंद करा.

भरायच्या आधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेले वेढे मोकळे होतात. नाजूक असेल तर पेन्सिलीने. मग एक बाजू एका दमात भरा. ३० मिनिटांच्या बाजूला ३० मिनिटंच लागतात. घाईचा रस्ता नाही. तिथेच बसा. रीळ अडकली तर लगेच थांबवता यायला हवं.

वेव्ह फाइलमध्ये साठवा. या मापाने तासाला साधारण एक जीबी लागतो. फार वाटलं तर फ्लॅक करा, दर्जा तोच राहतो आणि जागा बरीच वाचते. एमपी३ फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर नातेवाइकांना पाठवायला. मूळ फाइलीतला खरखराट काढायच्या फंदात पडू नका. काढायचाच तर प्रत करून तिच्यावर. टू-इन-वन भरताना आवाजाची पातळी आपोआप वरखाली करायचा, म्हणून दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत पंखा, कोंबडा, स्टीलचा पेला पडल्याचा आवाज मोठा होऊन येतो. सॉफ्टवेअरला तो कचरा वाटतो. मला विचाराल तर तो ठेवावा, कारण ‘तू पुढे म्हण वं’ असं कोणीतरी कोणाला तरी म्हणतं ते नेमकं तिथेच असतं.

नावं लिहून घ्या

फाइलला ‘साइड ए नवीन’ असं नाव देऊन सोडलं तर काम अर्धंच झालं. गाव, प्रसंग, अंदाजे साल, बाजू, असं नाव द्या: ‘शिरपूर-आखाजी-१९८८-ए’. मग घरातल्या म्हाताऱ्या बायकांना बसवून ऐकवा आणि त्या काय बोलतात ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. आवाज कोणाचा, गौराईच्या गाण्यातला हा शब्द कसला, ही कडवी आमच्याकडे नव्हती, ही चोपड्याकडची, असं सगळं भराभर येतं. हे काम कॅसेटींपेक्षा घाईचं आहे, तेव्हा फाइली पूर्ण व्हायची वाट न बघता पहिल्याच कॅसेटपासून सुरू करा. यूट्यूबवर टाकायच्या आधी घरच्यांना विचारा; हळदीत थट्टेची गाणी असतात आणि ज्यांची थट्टा केलीय ते किंवा त्यांची मुलं अजून गावात असतात. कंपनीच्या छापील कॅसेटी तर टाकूच नका, हक्क त्यांचे.

फाइलींच्या तीन प्रती ठेवा: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे किंवा क्लाउडवर. कॅसेटी फेकायच्या नाहीत. फीत पूर्ण एका बाजूला गुंडाळून, डबीत घालून, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. कपाटात, आतल्या भिंतीला. स्पीकरजवळ नको, त्यात लोहचुंबक असतं.

हे सगळं स्वतः करायचं नसेल आणि दुकानात द्यायचं असेल तर आधी एक फिल्मी कॅसेट देऊन बघा. परत मिळालेली फाइल एमपी३ असेल, किंवा ‘स’ ऐकू येत नसतील, तर दुकान बदला. वेव्ह फाइल द्याल का, हेड जुळवता का, कॅसेट परत देता का, हे तीन प्रश्न विचारा. घरी भरलेल्या कॅसेटी पोत्याने देऊ नका, चार-चार द्या, त्या हातात परत आल्या की पुढच्या चार.